डीव्हीडी रायटरच्या पोटात हवा खेळवायची कशी?

तबकडीबहाद्दर

नमस्कार मंडळी,

जुन्या सीडी-डीव्हीडींचा मोठा साठा हार्ड डिस्कवर उतरवायचं काम अंगावर घेतलंय. शिवाय ज्या फाइल्स काही झालं तरी जपायच्याच आहेत, त्या ब्ल्यू-रेवर दोन-दोन प्रतींत उतरवतोय. त्यासाठी एका उभ्या कॅबिनेटमध्ये चार ड्राइव्ह एकावर एक बसवलेत. मध्ये फट नाही, पत्र्याला पत्रा टेकलेला.

सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं. तासाभराने मात्र बाहेर येणारी तबकडी चांगलीच गरम लागते आणि मधले दोन ड्राइव्ह कुरकुरायला लागतात. सकाळी जी डीव्हीडी १६एक्स (मूळ वेगाच्या सोळापट) वेगाने सरळ वाचली गेली, तीच दुपारी अडखळते. मोटर वेग कमी करते, परत वाढवते, परत कमी करते. राइट केलेल्या तबकड्याही दुपारनंतर पडताळणीत जास्त नापास होतात.

कॅबिनेटला मागे १२० मिलिमीटरचा फॅन आहे, हवा बाहेर फेकणारा. पण ड्राइव्ह सगळीकडून बंद, आत त्या फॅनचा काही उपयोग नाही. म्हणून ड्राइव्हच्या वरच्या पत्र्याला गोल भोक पाडून ४० मिलिमीटरचा छोटा फॅन लावावा आणि हवा जायला मागे चार फटी कापाव्यात असं मनात आहे. कुणी हा उद्योग केलाय का? फॅन हवा आत ढकलणारा लावावा की बाहेर ओढणारा?

तिरकस

पत्र्याला पत्रा टेकलाय म्हणता, मग फॅन बसवणार कुठे? वरच्या ड्राइव्हच्या पोटात?

तबकडीबहाद्दर

@तिरकस, एक सोडून एक खण रिकामा ठेवेन. तेवढं डोकं चालतं हो :)

सोल्डरधारी

भोक पाडू नका. आधी वरचा पत्रा आतून कसा असतो ते बघा. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये वरच्या बाजूला आतून एक आडवी पट्टी असते, तिच्या मधोमध चुंबकाची छोटी चकती लटकलेली असते. ट्रे आत गेला की खालून स्पिंडल, म्हणजे तबकडी फिरवणारा आस, वर येतो आणि तबकडी त्या चकतीत आणि स्पिंडलमध्ये पकडली जाते. बऱ्याच मॉडेलांत ही पट्टी थेट वरच्या पत्र्याच्या भरवशावर असते. पत्रा कापला, थोडा जरी वाकला, तरी पकड तिरकी होते. तिरकी पकडलेली तबकडी मिनिटाला नऊ-दहा हजार फेऱ्यांनी फिरताना काय करेल ते सांगायला नको.

याच कारणाने 'झाकण काढूनच चालवतो' हाही पर्याय बाद. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हमध्ये तबकडी स्पिंडलवरच खटका लावून बसते, त्यामुळे तिथे ती निदान फिरेल. पण उघडा ड्राइव्ह चालू ठेवायचा नाही तो नाहीच. बंद असताना ही वस्तू लेझर वर्ग १ मध्ये मोडते, म्हणजे डोळ्याला धोका नाही. उघडली की तेच संरक्षण गेलं. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा किरण डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे पापणीही आपोआप मिटत नाही.

जुनाट

सुरुवातीच्या काळातले बाहेर ठेवायचे स्कझी (संगणकाला जोडायची जुनी पद्धत) सीडी रायटर आठवतात का कुणाला? त्यांच्या डब्याला मागे फॅन असायचा. आवाज असा की शेजारच्या खोलीत कळायचं, आज काहीतरी राइट होतंय. तो फॅन हवा ओढायचा कुठून, तर पुढच्या ट्रेच्या दाराच्या फटीतून. वर्षभराने उघडलं की लेन्सवर धुळीचा थर. ड्राइव्ह थंड राहिला, पण आंधळा झाला.

पुढे रायटरमधला तो फॅन गेला तो याचमुळे असावा, असं माझं मत.

प्रश्नचिन्ह

भाबडा प्रश्न विचारतो. तबकडी गरम झाली म्हणून बिघडलं कुठे? प्लास्टिक वितळण्याइतकं थोडंच तापतंय?

सोल्डरधारी

तबकडीचं नाही, लेझर डायोडचं, म्हणजे किरण सोडणाऱ्या भागाचं, दुखणं आहे ते. तापमान वाढलं की तेवढाच प्रकाश द्यायला डायोडला जास्त करंट लागतो. ड्राइव्हमध्ये प्रकाश मोजणारा छोटा डायोड असतो, तो सांगतो 'कमी पडतंय', मग सर्किट करंट वाढवतं. करंट वाढला की उष्णता वाढते आणि परत तेच चक्र.

राइट करताना आणखी एक भानगड. लाल लेझरची तरंगलांबी तापमानाबरोबर साधारण अंशाला ०.२ नॅनोमीटरने वाढते. डायोड ३० अंशांनी तापला तर ६ नॅनोमीटरचा फरक. डीव्हीडी-आर मधला रंगद्रव्याचा थर नेमका याच पट्ट्यात चोखंदळ आहे, तरंगलांबी वाढली की तो प्रकाश कमी शोषतो. म्हणजे तेवढ्याच शक्तीत खूण फिकी उमटते. ब्ल्यू-रेच्या ४०५ नॅनोमीटरच्या डायोडमध्ये ही सरक खूप कमी असते, तिथे करंटचीच चिंता जास्त.

राइट सुरू होण्याआधी ड्राइव्ह तबकडीच्या आतल्या भागात चाचणी घेऊन लेझरची शक्ती ठरवतो. ती चाचणी सुरुवातीच्या तापमानावर होते. आणि १६एक्सला राइटिंग आतून बाहेर जाताना वेग वाढतच जातो, म्हणजे सगळ्यात जास्त शक्ती शेवटी, बाहेरच्या कडेला लागते. तोवर डायोडही सगळ्यात तापलेला. काही ड्राइव्ह मधेमधे शक्ती सुधारत जातात, सगळे तितक्या नेटाने करत नाहीत.

@तबकडीबहाद्दर, तुमच्या नापास तबकड्यांत चुका बाहेरच्या कडेलाच जास्त आहेत का? बघून सांगा.

वारेमाप

धागा उशिरा पाहिला. हा माझ्या आवडीचा विषय आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

'आत वारा पोचत नाही' हे खरं, पण आत वारा नाही हे खरं नाही. ड्राइव्हमध्ये सगळ्यात मोठा पंखा म्हणजे ती तबकडीच. १६एक्सला डीव्हीडी मिनिटाला साधारण ९,२०० फेऱ्या मारते. व्यास १२० मिलिमीटर, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ५८ मीटरच्या आसपास, ताशी २०० किलोमीटरच्या वर. तबकडीला चिकटलेला हवेचा पातळ थर तिच्याबरोबर ओढला जातो, केंद्रापासून बाहेर भिरकावला जातो, आणि त्याची जागा घ्यायला मध्याकडे वरून-खालून नवी हवा खेचली जाते. मोकळ्या जागेत फिरणाऱ्या चकतीजवळच्या या प्रवाहाचं गणित थिओडोर फॉन कारमान यांनी १९२१ साली मांडलं. बंद डब्यात ते जरा बदलतं, कारण झाकणाला लागून हवा परत आत येते. पण मूळ चाल तीच राहते: मध्ये दाब कमी, कडेला जास्त.

आता या चालीत लेन्स कुठे बसलीये बघा. पिकअप, म्हणजे लेझर आणि लेन्स वाहणारा सरकता भाग, तबकडीच्या खाली एका आयताकृती खिडकीत मागे-पुढे सरकतं, आणि ती खिडकी स्पिंडलला लागूनच असते. म्हणजे नेमकी कमी दाबाच्या जागी. डब्याला खालून किंवा मागून कुठेही भोक पाडलंत, तरी बाहेरची हवा आधी सर्किट बोर्डावरून, मग त्या खिडकीतून, लेन्सला घासून वर जाणार. छोटा फॅन लावा अथवा लावू नका, तबकडी स्वतःच ओढून घेईल.

आणि हा वारा फुकट नाही. ढोबळ हिशोब केला तर १६एक्सला तबकडीला हवा कापायला साधारण ३ वॅट लागतात. ते सगळे उष्णता होऊन त्याच बंद डब्यात राहतात. दारंखिडक्या लावलेल्या खोलीत पंखा फिरवल्यासारखं आहे हे. पिकअपला वारा लागतो, पण खोली थंड होत नाही.

हा खर्च वेगाच्या अडीच ते तीन घाताच्या प्रमाणात वाढतो. वेग निम्मा केलात, १६ वरून ८ वर आलात, तर हवा कापायची शक्ती सहाव्या-सातव्या हिश्श्यावर येते. ३ वॅटचा अर्धा वॅट. वेळ दुप्पट लागला तरी एका तबकडीमागे एकूण उष्णता तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावरच. भोक पाडायच्या आधी हे करून बघा.

तिरकस

शेवटचा परिच्छेद वाचला. मग बाकीचेही वाचावे लागले. फसवणूक.

प्रश्नचिन्ह

वारेमाप, दंडवत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

पत्राकापे

सगळे 'कापू नका' म्हणताहेत म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. मी कापलंय. वरचा पत्रा नाही, तळाचा. मागच्या बाजूला बोर्डावर मोटर ड्रायव्हरची चिप असते, सगळ्यात जास्त तीच तापते. तिच्या बरोबर खाली जाळीइतकी बारीक भोकं पाडली, आतून कापडाचा फिल्टर चिकटवला. ड्राइव्ह अजून चालू आहे, लेन्स स्वच्छ आहे. पुस्तकातलं गणित ठीक आहे हो, पण वस्तू समोर चालतेय.

वारेमाप

@पत्राकापे, फिल्टर लावलात म्हणूनच लेन्स स्वच्छ आहे. पण फिल्टरमधून हवा यायला दाबाचा फरक लागतो आणि तबकडीने तयार केलेला फरक फार मोठा नसतो. त्यामुळे भोकांतून प्रत्यक्षात किती हवा येते याबद्दल मला शंका आहे. भोकं बुजवून एकदा तापमान मोजून बघाल का? फरक पडला तर मी गप्प बसतो.

पत्राकापे

बुजवणार नाही. चालू गाडीचं बॉनेट कोण उघडतं?

सोल्डरधारी

पत्राकापे, तुमचा रोख मात्र बरोबर चिपवर आहे. मोटर ड्रायव्हरच्या चिपमध्ये आणि तळाच्या पत्र्यामध्ये बहुतेक ड्राइव्हांत थर्मल पॅड असतो, रबरासारखा मऊ तुकडा. उष्णता चिपमधून पॅडमध्ये, पॅडमधून पत्र्यात, पत्र्यातून बाहेर, अशी ती वाट. जुन्या ड्राइव्हमध्ये हा पॅड कडक होतो, कधी कुणी उघडून परत लावताना सरकतो, कधी हरवतोच. मग चिप हवेत लटकलेली. तळाला भोकं पाडण्याआधी पॅड जागेवर आहे का ते बघा. नवा घालायचा तर तेवढ्याच जाडीचा घाला. जाड घातला तर बोर्ड वाकतो, पातळ घातला तर टेकतच नाही.

ड्राइव्ह बनवणाऱ्यांनी वाऱ्यापेक्षा पत्र्यावर जास्त भर दिलाय तो उगाच नाही. डबा बंद ठेवायचा आणि उष्णता धातूतून बाहेर काढायची. पण त्यासाठी पत्र्याच्या बाहेरून हवा वाहायला हवी, आणि तुमच्याकडे पत्र्याला पत्रा टेकलाय. मधल्या ड्राइव्हचा तळ खालच्याच्या डोक्यावर. तो उष्णता देणार कुणाला? खालचा त्यालाच देतोय.

मीना_ग

तबकड्या उतरवण्याचं काम मी बऱ्याच वर्षांपासून करते आहे, म्हणून थोडं.

एक म्हणजे वेग. वारेमाप म्हणतात तसं ८ला आणा. विंडोजवर वेग बांधून देणारी छोटी सॉफ्टवेअरं मिळतात, लिनक्सवर इजेक्ट किंवा एचडीपार्म या कमांडने होतं. काही ड्राइव्ह तबकडी बदलली की हे विसरतात, दर वेळी परत सांगावं लागतं. वाचायला त्रास देणारी तबकडी तर ४ला लावा. ती मोठ्या वेगाने अडखळत-अडखळत वाचण्यापेक्षा शांतपणे वाचलेली लवकर संपते, हा माझा रोजचा अनुभव.

दुसरं, तापमान मोजताना. लेझरचा ठिपका दाखवणारं हातातलं थर्मामीटर चकचकीत पत्र्यावर रोखलंत तर ते खोटं सांगतं, खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, आजूबाजूचीच परावर्तित करतो. पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा. सगळ्या ड्राइव्हांवर एकाच जागी टेप लावा, म्हणजे तुलना होईल.

तिसरं, 'नापास' म्हणजे काय ते आकड्यात बघा. तुमचा ड्राइव्ह चुका मोजू देत असेल तर डीव्हीडीवर पीआय चुका (वाचताना सापडणाऱ्या बारीक चुकांची मोजणी) बघा. सलग ८ ब्लॉकमध्ये मिळून २८० ही मानकातली मर्यादा. थंड ड्राइव्हवर राइट केलेली एक आणि तापलेल्यावर राइट केलेली एक, दोन्ही एकाच थंड ड्राइव्हवर मोजा. तसं न करता तापलेल्या ड्राइव्हवरच मोजलंत तर लिहिताना बिघडलं की वाचताना, ते कळणार नाही.

तबकडीबहाद्दर

@मीनाताई, हा शेवटचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आज रात्री दोन्ही तबकड्या सगळ्यात वरच्या, गार झालेल्या ड्राइव्हवर मोजतो.

@सोल्डरधारी, होय, चुका कडेलाच आहेत. शेवटच्या भागात आलेख सरळ वर जातो.

लख्ख

धुळीवर कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहितोय. तुमचा मागचा १२० चा फॅन हवा बाहेर फेकतो म्हणालात. त्याच्या बदल्यात हवा आत येते कुठून? कॅबिनेटला पुढे जाळी नसेल तर चार ड्राइव्हांच्या दारांतून. म्हणजे खोलीतली धूळ तुम्ही आधीपासूनच त्या चौघांच्या पोटातून गाळून घेताय, फुकट. लेन्स मळकी झाली तरी हीच लक्षणं दिसतात: अडखळणं, वेग कमी करणं. त्यात आधीच कमी पडणारा प्रकाश आणखी कमी, म्हणजे डायोडला आणखी करंट.

मागचा फॅन उलटा करा. हवा आत ढकलू दे आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला फोमचा फिल्टर लावा. मग कॅबिनेटच्या आत दाब थोडा जास्त राहील आणि ट्रेच्या फटींतून हवा बाहेर जाईल, आत येणार नाही.

जुनाट

+१. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर किती लेन्स वाचल्या असत्या.

वारेमाप

लख्ख यांच्याशी सहमत, एक पुस्ती जोडून. फॅन मागे असला तर वारा ड्राइव्हांच्या पाठीवर आपटतो. सगळ्यात जास्त उष्णता असते पत्र्याच्या वर आणि खाली. म्हणून ड्राइव्हांमध्ये रिकामा खण हवा आणि त्या खणाच्या पुढच्या बाजूला जाळीचं झाकण, म्हणजे हवा फटीतून वाहून पुढून बाहेर पडेल. फट नसताना मागे कितीही मोठा फॅन लावलात तरी मधल्या दोघांचे हाल तसेच राहतील.

तिरकस

अवांतर: तबकडी फुटल्याचं ऐकलंय. ताशी २०० किलोमीटरचा आकडा वाचल्यापासून मी ड्राइव्हसमोर बसत नाही.

सोल्डरधारी

फुटते, आणि जवळजवळ नेहमी मधल्या भोकाजवळच्या भेगेपासून. उजेडाकडे धरून आतली कडा बघा, केसासारखी रेघ दिसली तर ती तबकडी मोठ्या वेगाने फिरवायची नाही. आणि मागे लेबल अर्धवट सुटलेलं असेल तर तेही. एका बाजूला वजन गेलं की कंप वाढतो.

अर्धवट_अभियंता

अवांतरात अवांतर. वेग न वाढवता जोरात वाचणारे ड्राइव्ह येऊन गेलेत. केनवूडचा ट्रू-एक्स. लेझरचा एक किरण फोडून सात शेजारशेजारचे माग एकदम वाचायचा, ७२एक्सपर्यंत गेला होता. तबकडी बिचारी निवांत फिरायची. आवाज नाही, कंप नाही. चाललं मात्र नाही, बाजारातून गेला.

जुनाट

होता होता! ऐकून माहीत होता, बघायला मिळाला नाही कधी.

अजून एक अवांतर. ड्राइव्ह सतत तापत राहिला की ट्रे ओढणारा रबरी पट्टा सैल होतो. मग बटण दाबलं की नुसता घर्र आवाज, ट्रे बाहेर येत नाही. पट्टा काढून गरम पाण्यात मिनिटभर ठेवला की आवळतो आणि काही काळ चालतो. नवा मिळेपर्यंत उपाय.

प्रश्नचिन्ह

मग पातळ लॅपटॉप ड्राइव्हच का वापरू नये? ते तर यूएसबीच्या वीजेवर चालतात.

सोल्डरधारी

यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. पातळ ड्राइव्ह तेवढ्यात वाचतो, राइट करताना कधीकधी तेही कमी पडतात, म्हणून तर दोन प्लगवाली केबल येते. तबकडीही हळू फिरते, डीव्हीडीला जास्तीत जास्त ८एक्स. म्हणजे उष्णता कमीच. पण आतलं पिकअप चिमुकलं, त्याच्याभोवती धातू कमी, त्यामुळे जी थोडी उष्णता होते ती डायोडपाशीच साठते. दिवसभर राबवायला मी तरी मोठाच घेईन आणि हळू चालवीन.

अर्धवट_अभियंता

मला एक कळत नाही. हार्ड डिस्कमध्येही चकत्या फिरतात, तिथे हा धुळीचा प्रश्न कसा सोडवलाय?

वारेमाप

तिथे बाहेरून हवा फक्त दाब समान करण्यापुरती, एका बारीक फिल्टरमधून आत येते. शिवाय आत एका कोपऱ्यात दुसरा छोटा फिल्टर असतो, चकत्यांनी फिरवलेली हवा त्यातून गाळली जाते. हेलियम भरलेल्या डिस्कमध्ये तर हवाच नाही. वायू विरळ, त्यामुळे तो कापायला शक्ती कमी. डीव्हीडीला यातलं काही जमत नाही, कारण तिचं दार दर तबकडीला उघडतं.

पण 'आतलीच हवा फिरवा' ही युक्ती ऑप्टिकल ड्राइव्हमध्येही वापरली जाते. काही ट्रेंना आणि आतल्या चौकटीला कडेच्या बाजूने खाचा असतात. तबकडीने कडेला फेकलेली हवा त्या खाचेतून खाली उतरते, बोर्डावरून आणि पिकअपवरून वाहत परत मध्याच्या खिडकीतून वर येते. बाहेरच्या हवेचा संबंध नाही. अशा मांडणीची पेटंटंही घेतली गेली आहेत. वरच्या पत्र्यावर गोल उठाव असतात तेही नुसते मजबुतीसाठी नाहीत, तबकडी आणि पत्रा यांच्यातलं अंतर आणि आवाज त्यातून सांभाळला जातो. पत्राकापे यांनी हे उठाव कापले नाहीत हे बरं केलं.

पत्राकापे

अहो, तळाचा पत्रा कापला म्हणून कितीदा सांगू :)

आणि बरं का, तुम्ही इतकं म्हणालात म्हणून भोकांवर आतून टेप लावून एक संध्याकाळ चालवला. थर्मामीटरमध्ये फरक दिसला, दोन अंशांचा. एवढ्याला तुम्ही 'फरक' म्हणणार की नाही?

वारेमाप

खोलीचं तापमान दोन्ही वेळा सारखं होतं?

पत्राकापे

खोलीचं कुणी मोजलं?

तिरकस

:D :D

तबकडीबहाद्दर

मंडळी, आठवड्याचा हिशोब देतो.

दोन ड्राइव्ह काढून दुसऱ्या कॅबिनेटमध्ये हलवले, आता प्रत्येक कॅबिनेटमध्ये दोन, मध्ये एक रिकामा खण आणि त्याला पुढे जाळी. मागचा फॅन उलटा केला, बाहेरून फोम. कडेच्या फटी टेपने बंद केल्या, नाहीतर हवा तिथूनच पळते. काळ्या टेपवर मोजलं तर सगळ्यात त्रास देणाऱ्या ड्राइव्हचा वरचा पत्रा तासाभराच्या कामानंतर पूर्वीपेक्षा आठ-नऊ अंशांनी खाली आहे. खोलीचं तापमान मोजलंय, पत्राकापे :)

मीनाताईंची तुलना केली. गार ड्राइव्हवर मोजल्यावरही दुपारी राइट केलेली तबकडी कडेला वाईटच निघाली. म्हणजे बिघाड लिहितानाचाच होता. ८ला राइट केलेली मात्र शेवटपर्यंत सपाट आलेख.

त्रास देणारा ड्राइव्ह उघडला. थर्मल पॅड होता, पण चिपपासून बाजूला सरकून एका कोपऱ्यात चिकटला होता. नवा घातला. लेन्सवर धूळ होतीच, लख्ख यांचा अंदाज बरोबर. ब्लोअरच्या फुंकरीने गेली, पुसायची वेळ आली नाही.

ब्ल्यू-रेचं अजून नीट मोजलेलं नाही.

मीना_ग

छान झालं. ब्ल्यू-रेला तबकडीवरच्या लेबलपेक्षा एक पायरी खालचा वेग ठेवा आणि दोन तबकड्यांच्या मध्ये ट्रे दोन-तीन मिनिटं बंदच राहू द्या, रिकामा. उघडा ठेवून 'गार करणारे' लोक बघितलेत मी. उघड्या ट्रेवर धूळ बसते आणि पुढच्या तबकडीबरोबर आत जाते.

प्रश्नचिन्ह

पण मूळ प्रश्न राहिलाच की. फॅन आत ढकलणारा की बाहेर ओढणारा?

वारेमाप

ड्राइव्हला, कुठलाच नाही. कॅबिनेटला, आत ढकलणारा, फिल्टरसकट.

पत्राकापे

माझ्या दोन अंशांसकट.

लख्ख

@तबकडीबहाद्दर, फोम महिन्यातून एकदा धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. फोम तुंबला की हवा परत ट्रेच्या दारातून यायला लागेल.